बाहेर काढलेल्या चपला

डिसेंबर नव्व्याण्णवमध्ये वरून आदेश आला: प्रत्येक कॉम्प्युटरची तारीख एक जानेवारी दोन हजारवर न्या आणि तो चालतो का ते तपासा. आमच्या धुळ्याच्या ऑफिसात हे काम माझ्याकडे आणि रुपचंदभाऊंकडे आलं.

धूळ नको म्हणून कॉम्प्युटरच्या खोलीत अनवाणी जायचं. बाहेर काढलेले आमचे दोन जोड दाराच्या काचेतून दिसत.

मी तारीख पुढे नेली. कॉम्प्युटर छान चालला. सहज काचेतून पाहिलं, तर बाहेर फक्त भाऊंच्या चपला होत्या.

तारीख मागे आणली. माझ्या चपला जागेवर. पुन्हा पुढे नेली. नाहीत.



"बठ्ठं बरोबर शे ना, अमीन?" पाठमोरे बसून अहवाल लिहिणाऱ्या भाऊंनी विचारलं.

मी तारीख मागे आणली, बाहेर जाऊन चपला उचलल्या, मांडीवर घट्ट धरून बसलो आणि तारीख पुढे नेली.

चपला मांडीवरच राहिल्या. माझा जीव भांड्यात पडला.

"झालं, भाऊ," मी म्हणालो.

भाऊ वळले. माझ्या खुर्चीकडे बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि बाहेरच्या शिपायाला ओरडून विचारलं, "अरे, या रिकाम्या खुर्चीवर चपला कोणी ठेवल्या?"