अबोला

"धीरेन, अबोला धरलायस का रे?" पहिल्या दिवशी इलाने हसत विचारलं होतं. शनीच्या चंद्रावरच्या तळावर ती एकटीच होती.

इकडे पृथ्वीवर तिच्या नवऱ्याला तिचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. त्याचा मात्र एकही तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

अशा सगळ्या तळांच्या संगणकांचा कर्नेल, म्हणजे सगळं चालवणारा मूळ प्रोग्राम, धीरेनच बांधायचा. तो हलका व्हावा म्हणून पृथ्वीचे संदेश पकडणाऱ्या जुन्या रिसीव्हरचा ड्रायव्हर, म्हणजे तो चालवणारा भाग, त्यानेच ऐच्छिक करून टाकला होता. कर्नेल बांधताना तसा प्रश्न येई; हवा असेल तर 'हो' लिहायचं. नुसतं एंटर दाबलं की 'नाही'. तो रिसीव्हर आता फक्त इलाकडेच उरला होता. पण तिचा नवा कर्नेल बांधताना असे शेकडो प्रश्न आले आणि धीरेन सवयीने एंटर दाबत गेला. तो कर्नेल तळावर चालू झाला आणि तिचा रिसीव्हर बंद पडला.

दुरुस्त कर्नेल त्याच संध्याकाळी तयार झाला. तो पाठवायची वाट मात्र त्याच रिसीव्हरमधून जात होती.

"कुणी ऐकतच नसेल तर वीज कशाला जाळू?" आज इला म्हणाली. "ट्रान्समीटर बंद करते. वेळेवर जेवत जा."

"जेवतो, पण तू बोलत राहा ना," धीरेन माइकला म्हणाला.

स्पीकरची खरखर थांबली.