हात फिरवलेली गिटार

डाव्या हाताची दोन बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं. प्लास्टर निघून महिना झाला तरी त्यांना शर्टाचं बटण लागत नव्हतं.

एका बंद दारावर खडूनं लिहिलेलं : आत येऊ नये. हाकही मारू नये.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सांडलेलं पाणी.

"रविवारचं काय ते शनिवारी दुपारपर्यंत कळव. नाहीतर आम्ही दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो. रागावू नकोस."

मोडलेला लाकडी गळा, सहा तारांच्या आधारानं धडाला लोंबकळणारा.

पाणी कुणी सांडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. ताई त्यावरून घसरली ती गिटारसकट. वीस वर्षं वाजवलेली महागडी गिटार गेली, बोटं गेल्यात जमा झाली, आणि आता बँडमधली जागाही जायच्या बेतात होती. रविवारच्या कार्यक्रमाचा तो निरोप ड्रमवाल्याचा होता. वीस वर्षांचा दोस्त, म्हणूनच इतका मऊ बोलला.

तिचा धाकटा भाऊ गिटार दुरुस्त करायचा. सगळे वादक त्याला मिस्त्री म्हणत. मोठमोठे लोक त्याच्याकडे नंबर लावून बसत. त्यानं सोमवारी तिच्यासमोर मोबाइल धरला.

"ही मागवतोय. उद्याच येईल."

"अमेरिकेत बनलेली? आणि या किमतीत?" ताईनं डोळे बारीक केले. "का रे, तिथे आता गिटारी हातगाडीवर विकतात?"

"तुझी जुनी जिथे बनली त्याच कारखान्यातली आहे. चकचकीत पॉलिश नाही, बरोबर कडक पेटी नाही, कापडी पिशवी आहे. नखरे कमी केलेत, बस."

"दिसतं तिथे एवढं कमी केलंय, तर दिसत नाही तिथे काय केलं असेल?"

"दिसत नाही ते बोटांना कळतं."

"माझ्या बोटांना सध्या चमचा कळत नाही, मिस्त्री."

तो हसला नाही. ताईनंही मग थट्टा आवरती घेतली. तिचा एक नेम होता. भावाचा हात फिरल्याशिवाय तिनं आजवर एकही गिटार स्टेजवर नेली नव्हती. दुकानातून आलेली गिटार म्हणजे नुसतं बेतलेलं कापड, शिवायचं अजून बाकीच, असं ती म्हणायची.

"चार दिवस तुझ्या टेबलावर राहू दे," ती म्हणाली. "मगच हात लावीन. एक दिवस कमी नाही."

"चार तर चार."

मंगळवारी गिटार आली आणि मिस्त्रीनं दार लावून घेतलं.

बुधवारी भावजयीचा फोन. "ताई, काय करून ठेवलंत? सकाळपासून आतून नुसता कानशीचा आवाज. ताटसुद्धा दाराशी ठेवायला लावलंय. लग्न ठरलं तेव्हा माझ्याकडे एवढा वेळ बघितलं असतं तर जन्म सार्थकी लागला असता!"

गुरुवारी ताई टेबलाची कड धरून बोटं वाकवत बसली. तीन बोटं वाकली. करंगळी पाहुण्यासारखी बाजूला उभी राहिली. ड्रमवाल्याला नाही म्हणायचं वाक्य तिनं मनात तयार करून ठेवलं.

शनिवारी सकाळी तिनं बेल वाजवली.

"पाच मिनिटं!" आतून आवाज आला. पाचाची दहा झाली.

दार उघडलं तेव्हा मिस्त्रीच्या शर्टावर भुसा होता, भुवयांतही भुसा. गिटार टेबलावर कापड अंथरून ठेवली होती. मंद रंगाची, कशाचीच हौस नसलेली. तिनं ती मांडीवर घेतली आणि गळ्याच्या कडेवरून अंगठा वरपासून खालपर्यंत नेला. आडव्या पट्ट्यांची टोकं तिथे हमखास टोचतात.

"टोचतच नाही रे कुठे."

"टोचायला नकोच."

"तारा गळ्याच्या इतक्या जवळ, दाबायला जोरच नको. किती घासलंस?"

"गरज होती तेवढंच."

तिनं वायर स्पीकरला जोडली. एक तार छेडली. स्वर उठला आणि बसायचं नावच घेईना. खोलीच्या चारी भिंतींना तो हात लावून आला, तिच्या छातीच्या फासळीत उतरला, आणि तरीही होताच. देवळात शिरताना माणूस आपोआप वाकतो तशी तिची मान वाकली. मग तिनं एक धून सुरू केली, हळू, नंतर जरा जोरात, आणि संपवल्यावर तिच्या लक्षात आलं की शेवटचा स्वर करंगळीनं दाबला होता.

ती हाताकडे बघत राहिली. नंतर भावाच्या हातांकडे.

"तू माणूस नाहीस."

"मग काय आहे?"

"काय असशील ते असशील. भुवया झटक आधी."

"ताई, एक सांगायचं होतं..."

"नको. कसं केलंस ते सांगूच नकोस. कळलं की माझा धीर जाईल."

मिस्त्रीनं भुवया झटकल्या.

तिनं तिथूनच ड्रमवाल्याला फोन लावला. "दुसऱ्याला खुशाल बोलाव. पहिल्या रांगेत बसव."

रविवारी ती दोन तास वाजवत होती. कार्यक्रम संपल्यावर चार वादक तिच्याभोवती जमले. एकाची गिटार तिच्या गिटारच्या तिप्पट किमतीची होती. त्यानं ताईच्या गिटारच्या गळ्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "या किमतीत? शक्यच नाही."

"किंमत काय विचारतोस?" ताई म्हणाली. "हात कुणाचा फिरलाय ते विचार."

चार दिवस कानस चालली होती ती नंबर लावून बसलेल्यांच्या गिटारींवर. ताईच्या गिटारच्या खोक्यावरची कारखान्याची चिकटपट्टी शनिवारी सकाळी, ताईनं बेल वाजवल्यानंतर कापली गेली होती.