घरची वांगी

"चार किडकी निघाली, ती गाईपुढे टाकली," नूतन सहज म्हणाली आणि सुगंधाबाईंचा घास तोंडाशीच थांबला.

शेतात भरताची पंगत बसली होती. सुनेला सातवा महिना लागला म्हणून सुपडूआबांनीच तिला आणि मुलाला, हितेंद्रला, पिंप्राळ्याहून बोलावून घेतलं होतं. कपाशीच्या पळकाट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली, लाकडी बडगीत कुटून झाली, कांद्याची पात पडली आणि नूतनने दोनदा वाढून घेतलं.

"किडकी?" सुगंधाबाईंनी विचारलं. "आपल्या घरच्या वांग्यायले कीड नाही लागत व माय. तू कोन्या वाफ्यातले तोडले?"

"रस्त्याकडच्या. विहिरीकडे पाणी सोडलेलं होतं. म्हटलं, चिखलात पाय घसरायचा."

हितेंद्रने ताट बाजूला सारलं.

रस्त्याकडचं अर्धा एकर वांगं बाजारासाठी होतं आणि विहिरीकडचे दोन वाफे घरासाठी. गावात बहुतेकांचं असंच होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे. रस्त्याकडे लाल डब्यातलं औषध मारायचं, विहिरीकडे माठात कुजवलेली निंबोळी आणि गोमूत्र. आबांचे गुडघे गेल्यापासून दोन्ही कामं सालदार तोताराम करत होता. तो शिंदखेड्याकडचा. दोन वर्षांत त्याने मालकाला उलट शब्द बोललेला कोणी ऐकला नव्हता.

आबांना मात्र विहिरीकडच्या वाफ्यांचा फार अभिमान. आल्यागेल्याला बाजेवर बसवून ते ऐकवत, "दोन वर्षं झाले, एक कीडा दाखवा. गाय बांधा दारात, औषधं सोडा." रस्त्याकडच्या मालावर जळगावचा व्यापारी नाक मुरडायचा ते वेगळं. कीड औषधाला सरावली, म्हणत आबा डोस वाढवायला सांगत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

सुनेला दिवस गेल्यापासून तर त्यांनी फोनवर धोशाच लावला होता. पाकिटातलं काही खायचं नाही. नूडल्स नाही, बिस्किट नाही, वेफर्स नाहीत. दर शनिवारी एसटीने घरच्या वांग्यांची पिशवी पिंप्राळ्याला जायची. नूतनने बिचारीने सगळं सोडलं होतं आणि ती पिशवी संपवत होती.

"रस्त्याकडे फवारणी कधी झाली?" हितेंद्रने विचारलं.

"कालच," आबा म्हणाले.

हितेंद्रने जळगावच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "औषधाचा डबा बरोबर घ्या आणि ताबडतोब निघा," त्या म्हणाल्या. नूतन पोटावर हात ठेवून बसली होती. ती रडत नव्हती, आणि सुगंधाबाईंना त्याचीच जास्त भीती वाटली.

आबा लंगडत खोपीत गेले, लाल डबा घेऊन आले. इतकी वर्षं वापरलेल्या डब्यावरचा मजकूर त्यांनी आज पहिल्यांदा वाचला. हेच वांगं गाडी भरभरून जळगावला जातं, तिथेही कोणाच्या तरी सुनेला सातवा महिना असेल, हेही त्यांना आजच सुचलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"पाप केलं मी," ते म्हणाले. "लोकायच्या लेकरायसाठी ठेवलं, ते माह्या घरात आलं."

हितेंद्रने गाडी सुरू केली. तेव्हा तोताराम ताटावरून उठला आणि गाडीच्या आडवा उभा राहिला.

"गाडी नका काढू, भाऊ. तठे दवाई मारेल नही शे."

"काल तर पंप घेऊन गेला होतास ना?"

"पंपमा निंबोयीनं पानी व्हतं. रस्ताकडे मी दवाई कधीच मारेल नही. दोन वरीस झायात." त्याने गळ्याला हात लावला. "मना पोर्‍यास्नी आन शे."

गाडी बंद झाली. हितेंद्र स्टिअरिंगवर डोकं टेकून तसाच बसून राहिला. नूतनला आता रडू फुटलं आणि रडता रडता ती हसायलाही लागली. सुगंधाबाईंनी तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, मग जरा विचार करून तोतारामवरूनही. डॉक्टरीणबाईंना पुन्हा फोन गेला. पलीकडून त्यांनी सोडलेला सुस्कारा इकडे ऐकू आला.

"तरीच," आबा म्हणाले. "तरीच रस्त्याकडे कीड हटत नव्हती. मी आपला डोस वाढवतोय." त्यांनी तोतारामच्या पाठीवर हात ठेवला. एरवी अशा गोष्टीवरून त्यांनी शिवार डोक्यावर घेतलं असतं. आज त्यांना पोरापेक्षा सालदार जवळचा वाटत होता. "तू माह्या नातवाले वाचवलं रे. उद्यापासून हा डबा बंद. साऱ्या शेतात निंबोळीच."

सुगंधाबाई लुगडं खोचून चिखलातून विहिरीकडे गेल्या आणि पिशवी भरून वांगी घेऊन आल्या. हिरवीगार, तुकतुकीत, एकालाही छिद्र नाही. त्यांनी पिशवी नूतनच्या मांडीवर ठेवली.

"आता हेच खाय व माय. दुसऱ्या कशाले हात लावू नको."

नूतनने मान डोलावली. हितेंद्रने मोडलेली भाकरी पुन्हा हातात घेतली. आबाही ताटावर टेकले आणि लाल डबा बाजूला ठेवता ठेवता त्यांनी तो सहज हलवून पाहिला. डबा रिकामा होता.

"मंग तोताराम," त्यांनी विचारलं, "हे औषध गेलं कुठी?"

तोताराम लाजला. चांगलं काम उघडं पडलं की माणूस लाजतो तसा.

"घरना वांगास्ले मारं, आबा. इतली महागडी दवाई लोकेस्ले कसाले देवानी?"