मानीबाईचा तवा

पातं आधी कुठं न्यायचं, हे तुम्ही ठरवलंत, साहेब. कागदावर नाही, फोनवर. गारपिटीत झाडं पडून रस्ते बंद होते, मोठी मशिनं तिकडंच अडकली होती, आणि तशीही तांड्याच्या बोळीत ती शिरली नसती. शिरणारा एकच होता. खेमसिंगचा छोटा ट्रॅक्टर, समोर माती लोटायचं पातं लावलेला. तो तुम्ही दोन तास उद्या येणाऱ्या मंत्र्यांच्या हेलिपॅडवर ठेवलात.

तांड्यात तो पोचला तेव्हा साडेचार वाजले होते. बोळ पांढरी पडली होती. वरच्या अंगाला घोट्याइतक्या गारा, आणि खाली उताराला, जिथं पाण्यानं सगळं लोटत नेलं होतं, तिथं कमरेइतक्या. बोळीच्या शेवटी मानीबाईचा बकऱ्यांचा गोठा. गारा सुरू झाल्या तशी म्हातारी मानीबाई घरातून धावत बाहेर पडली, ती परत आली नव्हती. गोठ्यात असेल, असं सगळे म्हणत होते. चार माणसं फावड्यानं खणत होती. गारा एकमेकींत गोठून दगड झाल्या होत्या. दोन तासांत त्यांनी दहा पावलंही खणली नव्हती.

"आला का?" फुलसिंग म्हणाला. तांड्यातला सगळ्यात म्हातारा तो. "हेलिकॉप्टरचा पाय घसरून राह्यलता का रे?"

खेमसिंग खाली बघत राहिला. मडगार्डवर बसून आलेला तुमच्या ऑफिसातला शिपाई घनश्याम उतरला. कोपरापर्यंत चुन्यानं माखलेला.

"बाबा, मी का करू? गारा लोटता लोटता चुन्याचा गोल पुसला गेला. साहेब म्हणे, गोल पुन्हा काढा, मंगच ट्रॅक्टर सोडा."

"हेलिकॉप्टर उद्या दहाले हाय ना? मार्चाचा महिना हाय. तवरिक एक तरी गार राह्यली असती का?"

मानीबाईची सून निशिगंधा पुढं आली. फावडं धरून तिच्या तळहाताची सालं निघाली होती.

"मी तुले तीन खेपा फोन केलता. सांगतलं का साहेबाइले, माणूस सापडून नाही राह्यलं म्हणून?"

"सांगतलं, वहिनी."

"मंग?"

"म्हणे, आडोशाले बसली असंन."

खेमसिंगनं पातं टेकवलं. थोडं तिरकं केलं, म्हणजे गारा भिंतीकडं पडतील. पहिल्या गिअरात पुढं. चाक जागच्या जागी फिरलं. बायकांनी चाकाखाली कापसाच्या पऱ्हाट्या टाकल्या. मग ट्रॅक्टर सरकला, आणि लगेच खण्ण.

तो थांबला. कुऱ्हाड होती.

गारा सुरू झाल्या की घरातलं लोखंड अंगणात फेकायचं, म्हणजे गारा थांबतात. आज प्रत्येक घरानं फेकलं होतं. तांड्यात बोळ हेच अंगण. कुऱ्हाडीनंतर विळा लागला, मग वखराची लोखंडी पास. दर वेळी खेमसिंग थांबायचा, फुलसिंग वाकून उचलायचा. "हा शामचा. ही आमची." आणि दर वेळी निशिगंधा मान उंच करून बघायची. सासू काय घेऊन धावली, ते तिनं पाहिलं होतं. चुलीवरचा तवा.

"भाऊ, आता थांबू नको," घनश्याम म्हणाला. "लोखंडच हाय सारं. चाल."

गोठा दहा पावलांवर आला होता. आत बकऱ्या ओरडत होत्या. निशिगंधा हसली. "जित्या हायेत. म्हणजे याडी बी हाय आत." सासूला ती याडी म्हणायची, आई.

तेवढ्यात पातं पुन्हा लोखंडाला लागलं. खण्ण झालं नाही. दबका आवाज आला. कोणी हातात घट्ट धरलेल्या भांड्यावर मारावं तसा.

खेमसिंगनं पातं तिथंच सोडलं, इंजिन बंद केलं आणि उडी मारली. हातानं गारा उपसू लागला. सगळेच उपसू लागले. आधी तव्याची काळी पाठ दिसली. तव्याखाली पांढरे केस.

मानीबाईनं तवा फेकला नव्हता. दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ती भिंतीशी उकिडवी बसली होती. काजळी ओघळून भुवयांपर्यंत आली होती. बोटं तवा सोडेनात. निशिगंधानं एकेक करून ती उलगडली. फुलसिंगनं नाकापुढं हात धरला, मनगट चाचपलं. बराच वेळ. मग त्यानं डोक्याचं पागोटं काढलं.

"नाही," निशिगंधा म्हणाली. तिनं सासूच्या चोळीत, काखेत हात घातला. "गरम हाय. बाबा, पाहा ना. गरम हाय अजून."

कोणी हात लावून पाहिला नाही. खेमसिंग पात्याला टेकून खाली बसला.

घनश्यामचा फोन वाजला. चुन्याच्या बोटानं स्पीकरचं बटण दबलं आणि तुमचा आवाज साऱ्या बोळीनं ऐकला. "घनश्याम, झालं का तिकडचं? ट्रॅक्टर परत पाठव. हेलिपॅडच्या कडेचं थोडं राहिलंय."

निशिगंधानं मोकळा हात पुढं केला. घनश्यामनं फोन दिला. दुसरा हात तिनं काढला नव्हता.

"साहेब, मी मानीबाईची सून बोलून राह्यली. माहा हात तिच्या काखेत हाय. काख अजून गरम हाय."

तिनं फोन तोंडाजवळ धरला.

"ते पातं दोन तास तिकडं काहून होतं?"

पलीकडं तुम्ही खाकरलात.

"मी फोन नाही ठेवत, साहेब. तुमी बी ठेवू नका. बोला."