फोन धरणारी

टोंगातल्या वावाऊ बेटावर लुपे आईची सेवा करत राहत होती. आईचे हात थरथरायचे, म्हणून दर रविवारी चर्चहून आल्यावर ऑकलंडला राहणाऱ्या भावाचा, विलियामीचा व्हिडिओ कॉल आला, की लुपेच तिच्या तोंडासमोर फोन धरायची.

"आई, लुपेसाठी इथल्या वृद्धाश्रमात नोकरी बघितलीय. तुम्हा दोघींना न्यायला मी येतो, तिला विचारून ठेव म्हटलं होतं. काय म्हणाली ती?"

"नको म्हणाली रे. ह्या घरातून तिचा पाय निघत नाही."

लुपे हे पहिल्यांदाच ऐकत होती.

"बरं, तिला दे जरा फोन."

आईनं लुपेकडे पाहिलं. म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

 

लुपेनं फोन आपल्याकडे वळवला. "हो दादा," ती म्हणाली, "मीच नको म्हटलं."