सहा चाळीसची गाडी

सहा चाळीसची गाडी वेळेवर सुटली. फक्त गाडी नव्हती.

डिझेलचा भाव असा काही चढला होता की आजपासून गाड्या एक दिवसाआड, असा कागद डेपोच्या फाटकावर डकवलेला होता. तो दोनदा वाचूनही चौदा माणसं जागची हलली नव्हती. बहुतेक सगळी शिलाई कारखान्यातली. कारखान्याचं दार साडेआठला लागतं, आणि दाराला कागद वाचता येत नाही.

ड्रायव्हरनं घड्याळ पाहिलं. खाकी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"आठ किलोमीटर तर आहे. चला. रस्ता मला पाठ आहे."

कंडक्टरबाईंनी दोघादोघांची रांग लावली. दवाखान्यात निघालेले पेन्शनर आजोबा म्हणाले, "मला खिडकी लागते. नाहीतर मळमळतं." बाईंनी त्यांना रांगेत डाव्या कडेला घेतलं. मग तिकिटाचा चिमटा दोनदा वाजवला, कट् कट्. ड्रायव्हरनं सवयीनं उजवीकडे, आरसा असतो तिथं, एकदा पाहिलं आणि पाऊल टाकलं.

पहिल्या थांब्यावर कोणी नव्हतं. तरी तो थांबला. एक दूधवाला कॅन लादलेली मोटरसायकल ढकलत चालला होता. त्यानं विचारलं, "आहे का जागा?"

"उभ्यानं यावं लागेल," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या थांब्यावर एक कंपाउंडर चढला, म्हणजे रांगेत शिरला. तिसरा रिकामा. चौथाही रिकामा. कारखान्यात कॉलर शिवणाऱ्या बाईला सगळे कॉलरवालीच म्हणत. तिचा धीर सुटत चालला होता.

"अहो, इथं काळं कुत्रं नाही. कोणासाठी उभे आहात?"

"थांबा आहे," ड्रायव्हर म्हणाला.

पुढं रस्ता बंद पडलेल्या पेट्रोल पंपाला लांबलचक वळसा घालून जातो. शेतातली पायवाट मात्र तो वळसा सरळ कापते. वीस मिनिटं वाचतात. सात वीस झाले होते. सगळ्यांची नजर पायवाटेकडे गेली.

"आता डावीकडे घ्या, ड्रायव्हरसाहेब," कॉलरवाली म्हणाली. "इंजिन तापलंय आमचं."

सगळे हसले. ड्रायव्हर हसला नाही.

"पंपाचा थांबा राहील."

"पंपालाच टाळं लागलंय, तिथं कोण उभं असणार?"

"कागद डेपोच्या फाटकावर लावलाय. पंपावर कोणी लावलाय?"

कॉलरवाली सोडायला तयार नव्हती. "दार लागलं तर माझा अर्धा दिवस गेला. तुमचं काय जातंय?"

"तुम्ही जा पायवाटेनं. मी राग धरणार नाही." त्यानं घाम पुसला. "माझी गाडी पंपावरून जाते. एकतीस वर्षांत एक थांबा सोडलेला नाही."

माझी गाडी, असं तो म्हणाला, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. तो वळणाकडे निघाला. कंडक्टरबाई त्याच्यामागं, न विचारता. आजोबा म्हणाले, "माझी खिडकी तिकडंच चाललीय," आणि तेही निघाले. मग एकेक करत बाकीचे.

कॉलरवाली पायवाटेच्या तोंडाशी एकटीच राहिली. तिनं वाकून चपलेचा पट्टा आवळला.

"मग निदान गिअर तरी बदला," ती मागून ओरडली.

त्यानं बदलला. आजोबांना दोघांनी दोन्हीकडून धरलं.

पंपाच्या थांब्यावर दोघी उभ्या होत्या, सासू आणि सून. सुनेच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं प्रवेशपत्र होतं. नर्सिंगची परीक्षा, नऊ वाजता, शेवटच्या थांब्यापाशी. सासूच्या हातात डबा.

"पाऊण तास सांगतेय, घरी चल," सासू कोणी न विचारताच सांगू लागली. "एवढ्या सुनसान रस्त्यानं एकटी कशी सोडू? आणि ही म्हणते, गाडी येते. रोज येते ती आज का नाही यायची?"

सून रांगेच्या मागं, दूरवर पाहत होती.

"गाडी?"

"हीच," कंडक्टरबाई म्हणाल्या. मग रांगेकडे वळून नेहमीच्या आवाजात, "पुढं सरका हो, पुढं सरका. आत जागा आहे."

दोन्ही बाजूंना रस्ता मोकळा पडला होता. तरी सोळा माणसं एकेक पाऊल पुढं सरकली. कॉलरवालीनं आपल्या शेजारी जागा केली. "ये गं, इथं ये. आणि पाय उचल, तुझ्यापायी माझं दार लागायचं."

सासूनं ड्रायव्हरला त्याच्या धुळीनं भरलेल्या बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं.

"उशीर केलात. तक्रार करीन मी."

"करा. वही बाईंकडे आहे. पाऊण तास उशीर, असं लिहा." त्यानं टोपी सरळ केली. "पण आली नाही, असं लिहू नका."

सासूनं डबा सुनेच्या हातात दिला.

कट् कट्.

रांगेत शिरताना सुनेनं पाय चांगला वीतभर उंच उचलून टाकला. पायरी असते तिथं.