झाकणाच्या आत

बहात्तर साली चंदीगडला बदली झाल्यापासून नंदकुमारांना एकच नाद. लष्करी भंगारातलं जुनं स्विस स्टॉपवॉच घरी आणायचं, मागचं झाकण उघडून आत भिंगातून बघायचं आणि कपाटात ठेवून द्यायचं. अशी एकेचाळीस झाली होती.

"अहो, स्विस कारागिरीचं एवढं वेड, मग तबकडी कशी कधी बघत नाही तुम्ही?" प्रतिमा बायकोच्या हक्कानं विचारायची.

आजच्या घड्याळाला तर काटेसुद्धा नव्हते. "ये तो मर चुकी है, साबजी," कबाडी म्हणाला होता. पण झाकण उघडलं आणि नंदकुमारांच्या डोळ्यावरचं भिंग हलेना.

"दुरुस्ती झाली की घड्याळजी झाकणाच्या आत सुईनं आपली खूण कोरतो," ते म्हणाले. "महायुद्धात बाबा खडकीला फौजेची घड्याळं दुरुस्त करायचे. माझ्या बारशाला त्यांना रजा मिळाली नाही. आई सांगायची, त्या दिवशी त्यांनी दुरुस्तीला आलेल्या स्टॉपवॉचमध्येच बारसं उरकलं, आणि ते घड्याळ लढाईवर निघून गेलं."

भिंग त्यांनी प्रतिमाच्या हातात दिलं. स्विस कंपनीच्या ठशाखाली बारीक, तिरप्या अक्षरांत कोरलं होतं, "चि. नंदकुमार".